‘टाकी गंजली’ की ‘द्रव कळकला’? : औद्योगिक सूचनालेखनातील एका शब्दक्षेत्राची चिकित्सा

परिभाषेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच ठिकाणी चर्चिला जातो : एक, कोशमंडळाच्या बैठकीत, दुसरे, वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात. पहिल्या ठिकाणी शब्दाची व्युत्पत्ती तपासली जाते, दुसऱ्या ठिकाणी त्याची थट्टा होते. तो शब्द ज्याच्या हाती हत्यारासारखा पडावयाचा, त्या माणसाचे त्यापायी काय होते ही चौकशी मात्र दोन्ही ठिकाणी राहून जाते. प्रस्तुत लेखात ती चौकशी एका अगदी मर्यादित क्षेत्रापुरती करावयाची आहे. धातूच्या सुट्या भागांवरील तेल व ग्रीस विद्रावकाच्या वाफेने काढून टाकणाऱ्या टाक्या, आणि त्या टाक्या आतून खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून मराठीत लिहिली जाणारी सूचनापत्रे, हे ते क्षेत्र होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विषय परका वाटेल. परंतु शब्दार्थविचाराची इतकी कठोर कसोटी पाहणारे स्थळ सहसा सापडत नाही. येथे अनेकार्थी शब्दाची किंमत टीकाकाराच्या नापसंतीत मोजली जात नाही, कामगाराच्या फुप्फुसांत मोजली जाते.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेणे अवश्य आहे. कारण वस्तू न पाहता शब्दावर अभिप्राय देण्याची खोड आपल्या परिभाषाचर्चेस पुष्कळ भोवली आहे. टाकी उभट, वरून उघडी असते. तळाशी विद्रावक उकळत असतो. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून या कामी सर्वांत अधिक वापरले गेलेले द्रव्य म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. ते 87 अंश सेल्सियसला उकळते. त्याची वाफ हवेच्या सुमारे साडेचारपट जड असल्यामुळे टाकीत खोल विहिरीतील धुक्याप्रमाणे साचून राहते. टाकीच्या वरच्या भागात भिंतीलगत थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी असतात. वाफ तेथवर चढते, थंड होऊन द्रवरूप होते आणि एका पन्हळीतून परत खाली जाते. थंड धातूचा भाग या वाफेत सोडला की वाफ त्याच्यावर दवासारखी जमते, तेल विरघळवते आणि ठिबकून निघून जाते. भाग वाफेइतका तापला म्हणजे ठिबकणे थांबते व तो कोरडा बाहेर काढता येतो. योजना मोठी सुटसुटीत आहे. वापरला जाणारा द्रव पेटत नाही, भांडे पोलादाचे, हलणारे यंत्र जवळजवळ नाहीच; मग टाकी सडते कशाने?

उत्तर असे की, बिघाड प्रथम द्रवात होतो, भांड्यात मागाहून. ट्रायक्लोरोएथिलीन हे क्लोरीनयुक्त संयुग उष्णता, प्रकाश आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने हळूहळू विघटित होते. त्यातून हायड्रोजन क्लोराइड, डायक्लोरोॲसिटिल क्लोराइड आणि फॉस्जीनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. हायड्रोजन क्लोराइडला पाणी भेटले की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. पाणी येण्याच्या वाटाही अनेक आहेत : ओले भाग, फुटकी नळी, आणि विशेषतः दमट हवा. नळ्यांतील पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असले की हवेतील बाष्प त्यांच्यावर जमून टाकीत उतरते. कोकणपट्टीतील कारखान्यात पावसाळ्याचे चार महिने ही वाट कशी उघडी असेल हे सांगावयास नको. शिवाय पाणी मिसळले की मिश्रण 87 अंशांऐवजी 73 अंशांच्या आसपासच उकळू लागते, वाफेबरोबर पाणीही चढते आणि धुतलेल्या लोखंडी भागांवर डाग पडतात.

परंतु याहून वाईट गोष्ट ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमचा बारीक चुरा तळाशी साचला आणि द्रवात थोडे आम्ल असले की ॲल्युमिनियम क्लोराइड तयार होते. हे क्लोराइड विद्रावकाच्या विघटनास स्वतःच उत्प्रेरक ठरते. विघटनातून अधिक आम्ल, आम्लातून अधिक क्लोराइड, क्लोराइडामुळे अधिक विघटन असे हे चक्र आहे. आरंभी त्याची गती अगदी मंद असते. मग एखाद्या पाळीत ते एकाएकी उसळते, तीव्र वासाचा पांढरा धूर उठतो, द्रव काळा पडतो आणि डांबरासारखा होतो. टाकीचे जे व्हावयाचे ते नंतर होते.

आता या घटनेस आपण मराठीत काय म्हणतो ते पाहू. सूचनापत्रांतील सर्वांत प्रचलित शब्द ‘गंज’ हा होय. ‘टाकी गंजू नये म्हणून पुढील दक्षता घ्यावी’ या धाटणीचे वाक्य नमुन्यादाखल घ्यावे. शब्द सोपा, घरोघर कळणारा आणि म्हणूनच लेखकास निर्धोक वाटणारा. परंतु मराठी भाषकाच्या मनात ‘गंजणे’ या क्रियापदाबरोबर एक पुरी कारणपरंपरा उभी राहते : वस्तू लोखंडाची आहे, ती ओली राहिली, तिची निगा कोणी केली नाही, आणि कालांतराने तिच्यावर तांबडा थर चढला. कारण बाहेरचे, गती संथ, उपाय पुसणे अथवा रंग लावणे. (वऱ्हाडात ‘गंज’ म्हणजे चुलीवरचे पातेलेच, तेथील कामगारास ‘टाकीचा गंज’ या शब्दप्रयोगात निराळीच गंमत वाटण्याचा संभव आहे.) ही कारणपरंपरा मनात धरून टाकीकडे पाहणारा मनुष्य टाकीच्या भिंतीकडे पाहील. तो तांबड्या डागाची वाट पाहील. डाग दिसेपर्यंत द्रव कित्येक दिवस आम्लधर्मी होऊन राहिलेला असेल. ‘गंज’ हा शब्द येथे खोटा आहे असे मी म्हणत नाही. पोलादी भिंतीवर शेवटी गंजच दिसतो. तो शब्द परिणामाचे नाव सांगतो आणि त्याच वेळी चुकीच्या कारणाकडे बोट दाखवतो, हा माझा आक्षेप आहे.

पंडिती पर्याय ‘संक्षारण’ अथवा ‘क्षरण’. यांतील धातू ‘क्षर्’, म्हणजे झरणे, पाझरणे, झिजणे. व्युत्पत्ती निर्दोष आहे. अडचण अशी की, शब्दाचे जीवन व्युत्पत्तीवर चालत नसून शेजारच्या शब्दांच्या संगतीवर चालते. शाळेतून बाहेर पडलेल्या मराठी माणसाच्या मनात ‘संक्षारण’ या शब्दाच्या शेजारी ‘क्षार’ आणि ‘क्षारक’ हे शब्द बसलेले असतात. तेव्हा ‘संक्षारण’ म्हणजे क्षारामुळे होणारी झीज असा अर्थ तो सहजच लावतो. लोकव्युत्पत्ती ही अभ्यासकांच्या चेष्टेचा विषय असली तरी ती भाषेतील एक खरी शक्ती आहे. आता प्रस्तुत टाकीत अपराधी कोण? आम्ल. म्हणजे रूढ शब्द पाण्याकडे बोट दाखवतो, शास्त्रीय शब्द क्षाराकडे, आणि जे खरे कारण ते दोघांच्याही पाठीमागे उभे. ‘क्षरण’ हा सुटा शब्द या दोषापासून बराच मुक्त आहे. शालेय पुस्तकांनी तो स्वीकारला हे बरे झाले. तथापि तो इतका सामान्य आहे की दगडाच्या झिजेपासून अक्षराच्या नाशापर्यंत काहीही त्यात सामावते.

अशा वेळी मला एका घरगुती क्रियापदाची आठवण करून द्यावीशी वाटते. ते म्हणजे ‘कळकणे’. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याची कल्हई गेली, आणि त्यात ताक, चिंचेचे सार अथवा आंबट वरण राहिले, तर ते कळकते. पदार्थातील आम्ल धातू विरघळवते, तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात, चव तुरट व मळमळ आणणारी होते, आणि पदार्थ फेकून द्यावा लागतो. आपल्या आज्या-पणज्यांना यातील रसायन ठाऊक नव्हते. परंतु त्यांच्या क्रियापदात त्या रसायनाचे सर्व घटक अचूक बसले आहेत : आत असलेला द्रव, त्याचा आंबटपणा, धातूशी त्याचा संबंध, आणि दोघांचाही बिघाड. यांपैकी एकही घटक ‘गंज’ या शब्दात नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे, आणि माझ्या मते प्रस्तुत चर्चेचे मर्म तेथे आहे. ‘गंजणे’ या क्रियापदाचा कर्ता धातूची वस्तू असतो : खिळा गंजतो, पत्रा गंजतो. ‘कळकणे’ याचा कर्ता सामान्यतः भांडे नसून भांड्यातील पदार्थ असतो : ताक कळकते, भाजी कळकते. दोन्ही क्रियापदे अकर्मक, दोन्ही धातूच्या नाशाशी निगडित. तथापि पहिले आपले लक्ष पात्राकडे वळवते आणि दुसरे पात्रातील द्रवाकडे. वाफेच्या टाकीतील बिघाड हा प्रथम द्रवाचा बिघाड आहे हे आपण वर पाहिले. म्हणून ‘टाकी गंजली’ या वाक्याने जे कळत नाही ते ‘द्रव कळकला’ या वाक्याने कळते. पहिले वाक्य ऐकणारा रंगाचा डबा आणील. दुसरे ऐकणारा द्रव तपासावयास घेईल. कर्ता बदलला की काम बदलते.

यावर असा आक्षेप येईल की, स्वयंपाकघरातील शब्द कारखान्यात शोभणार नाही. या आक्षेपात शास्त्र थोडे आणि संकोच फार आहे. शिवाय उपमा पुढेही नेता येते. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेवरील कथलाचा थर. टाक्यांच्या बाबतीत पोलादाला जस्ताचा मुलामा देण्याची रीत फार दिवस चालत आली. तत्त्व तेच : द्रव आणि भांडे यांच्यामध्ये दुसरा धातू घालणे. आणि मर्यादाही तीच. कल्हईच्या भरवशावर कोणी ताक चार दिवस पातेल्यात ठेवीत नसे. जस्ताच्या भरवशावर आम्ल झालेला द्रव टाकीत ठेवणे त्याच जातीचे ठरेल, कारण आम्लापुढे जस्त लोखंडाहूनही लवकर विरघळते. एवढे मान्य करावे लागेल की, ‘कळकणे’ हे क्रियापद आज नव्या पिढीच्या तोंडी क्वचितच येते. पोलादाची भांडी आली आणि कल्हईवाल्याबरोबर शब्दही गल्लीतून निघून गेला. परंतु निर्जीव संस्कृत समास घडवून तो शिकवण्यापेक्षा अर्धा जिवंत मराठी शब्द पुन्हा शिकवणे अधिक सोपे, असे मला वाटते.

पोलादाच्या भांड्यांचा उल्लेख आलाच आहे तर ‘अगंज पोलाद’ या संज्ञेकडेही पाहावे. मराठी विश्वकोशाने ती रूढ केली. बनावट सुबक आहे, उच्चारास सोपी आहे. मात्र नकारार्थी उपसर्गाने सिद्ध केलेली विशेषणे मराठीत पूर्ण अभाव सांगतात : अमर, अजिंक्य, अक्षय. ‘अगंज’ म्हणजे जे कधीही गंजत नाही ते. प्रत्यक्षात या पोलादाचे संरक्षण त्याच्या पृष्ठावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर अवलंबून असते, आणि क्लोराइड हा त्या पापुद्र्याचा जन्मवैरी होय. क्लोराइड व ओलावा एकत्र आले की पृष्ठभाग सर्वत्र चकचकीत राहूनही एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढे छिद्र आत खोल जाते. साधारणतः 60 अंशांच्या वर आणि धातूत ताण शिल्लक असेल तर, विशेषतः जोडकामाच्या जवळ, बारीक भेगा पडून पत्रा अचानक तडकतो. आपली टाकी 87 अंशांवर चालते, तिच्यात क्लोरीनयुक्त द्रव आहे, आणि तिला जोडही आहेत. मॉलिब्डेनमयुक्त प्रकार, ज्यास 316 क्रमांकाने ओळखतात, अधिक टिकतो. पण तोही ‘अगंज’ नव्हे. ‘निष्कलंक पोलाद’ असे दुसरे नाव कधीकधी आढळते. त्यातील ‘कलंक’ आणि आपल्या ‘कळकणे’तील ‘कळंक’ एकच. तेव्हा घराणे योग्य, परंतु नकाराची अतिशयोक्ती तशीच.

प्रतिबंधाच्या मुख्य उपायासंबंधीची भाषा तर अधिकच पांगळी आहे. विद्रावकात कारखानदार मुळातच काही द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळतो. काही अमाइन अथवा इपॉक्साइड वर्गातील, जी तयार होणारे आम्ल पकडून निष्प्रभ करतात. काही ऑक्सिडीकरणास अटकाव करणारी. तेल खवट होऊ नये म्हणून जे केले जाते त्याच जातीचा हा दुसरा उपाय. या द्रव्यांना ‘स्थिरक’ किंवा ‘स्थायीकारक’ म्हटले जाते. ‘स्थिर’ या शब्दाने मराठी वाचकास न हलणारे, न ढवळलेले असे काहीतरी सुचते; आम्ल गिळणारे द्रव्य सुचत नाही. त्याहून वाईट म्हणजे, शब्दात संपून जाण्याची सूचनाच नाही. स्थिर केलेली वस्तू स्थिरच राहावयाची! वस्तुतः ही द्रव्ये दररोज खर्ची पडतात. आम्लाशी संयोग पावून खपतात, विभाजक पात्रातील पाण्यात विरघळून जातात, ऊर्ध्वपातनाने विद्रावक पुन्हा शुद्ध करताना मागे राहू शकतात. म्हणून द्रवात आम्ल पचवण्याची किती शक्ती उरली आहे हे ठराविक मुदतीने मोजावे लागते. या मोजमापास सूचनापत्रांत ‘आम्लस्वीकार-मूल्य’ असे शब्दशः केलेले नाव आढळते. वाचून असे वाटते की, जितका आम्लाचा स्वीकार अधिक तितका द्रव अधिक आंबट. आणि खरी गोष्ट नेमकी उलट! आकडा घटला तर धोका, हे त्या शब्दावरून कोणास उमगावे? माझी सूचना ‘शिल्लक’ या शब्दाची आहे : ‘आम्ल पचवण्याची शिल्लक’. शिल्लक म्हणजे खर्च होणारी, मोजता येणारी, तळाला गेली की चिंता करावयाची वस्तू, हे किराणा दुकानात वाढलेल्या मुलासही ठाऊक असते.

पाणी वेगळे करणाऱ्या पात्रास ‘जलविभाजक’ म्हणणे हीही अशीच गफलत. भूगोलाने तो शब्द दोन खोऱ्यांमधील डोंगरधारेस कधीच देऊन टाकला आहे. ‘पाणी काढण्याचे पात्र’ म्हटल्याने शास्त्राची कोणतीही हानी होत नाही. विद्रावकाची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट असल्याने पाणी वर तरंगते आणि वरच्या नळीने काढता येते, एवढे सांगितले की पुरे. आणि ‘स्नेहनिष्कासन’ या शब्दाविषयी मी काही लिहीत नाही. विद्यार्थ्यांनी त्याचा पहिला अर्थ लावून पाहावा.

आतापर्यंतचे दोष दिशाभूल करणारे होते. यापुढचा दोष प्राणघातक आहे. तो ‘सोडा’ या दोन अक्षरी शब्दात आहे.

टाकी आम्लधर्मी झाली, तिची उष्णता बंद केली, ती निवली, द्रव काढून घेतला. आता आतील आम्ल निपटून काढावयाचे. त्यासाठी रिकामी टाकी सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुण्याची शिफारस केली जाते. सूचनापत्रातील वाक्य मात्र ‘टाकी सोड्याने धुवावी’ या धर्तीचे असेल तर? मराठीत आज सोडा तीन प्रकारचा : खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा. पहिले दोन सौम्य. तिसरा सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र दाहक अल्क. धातुकामाच्या कारखान्यात यांपैकी सहज हाताशी असणारा कोणता? बहुधा तिसराच, कारण इतर सफाईसाठी त्याचे पिंप तेथे असतेच. शिवाय त्याच्या मागे लोकांचे तर्कशास्त्र उभे राहते : आम्ल तीव्र, तेव्हा त्याच्यावरचा उतारा तीव्र.

कॉस्टिक सोडा आणि ट्रायक्लोरोएथिलीन यांची गाठ पडली की तीव्र अल्क विद्रावकाच्या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड काढून घेते, आणि मागे डायक्लोरोॲसिटिलीन उरते. हे द्रव्य अतिविषारी असून हवेत आपोआप पेट घेते व त्याचा स्फोट होऊ शकतो. टाकीच्या तळाच्या गाळात, नळ्यांच्या सांध्यांत विद्रावक थोडाबहुत राहिलेलाच असतो. म्हणून या टाक्यांच्या बाबतीत कॉस्टिक सोड्याची मनाई निरपवाद आहे. आणि आपल्या वाक्यातील ‘सोडा’ हा शब्द त्या मनाईचे दार सताड उघडे ठेवतो.

हा धोका केवळ कागदावरचा नव्हे. ट्रायक्लोरोएथिलीन एके काळी भूल देण्यासाठीही वापरले जाई. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये असे आढळून आले की, बंद परिपथातून भूल दिलेल्या काही रुग्णांच्या मस्तकातील मज्जातंतूंवर, विशेषतः चेहऱ्याच्या संवेदनेशी संबंधित मज्जातंतूवर, आघात होत आहे. त्या परिपथात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी सोडा लाइम ठेवलेला असे. त्यातील तीव्र अल्काने भुलीच्या वाफेतूनच डायक्लोरोॲसिटिलीन तयार केले होते. तेथेही नाव ‘सोडा’च. अर्थात् त्या दुर्घटनांचे कारण शब्द नव्हता, रसायनाचे अज्ञान होते. परंतु ते ज्ञान आज उपलब्ध असता ते एका संदिग्ध नामाने पुन्हा झाकून टाकण्याचा अधिकार सूचनालेखकास नाही.

खेदाची गोष्ट अशी की, मराठी या बाबतीत मुळात दरिद्री नव्हती. ‘सज्जीखार’ हा शब्द नैसर्गिक सोडियम कार्बोनेटसाठी होता आणि गांधी-वाण्याच्या दुकानात तो नेमका ओळखला जाई. ‘पापडखार’ निराळा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून निघणाऱ्या खारांना तर दल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी अशी प्रतवारीने स्वतंत्र नावे होती. ज्या भाषेत एका सरोवराच्या खारास इतकी नावे होती, त्या भाषेत आज तीन भिन्न रसायनांस एक नाव पुरे व्हावे, याला प्रगती म्हणणे कठीण आहे. कारखान्यात आज ‘सज्जीखार’ पुन्हा आणावा असा माझा आग्रह नाही. तो शब्द पिंपावर छापलेला नसतो, आणि सूचनापत्रातील नाव पिंपावरील नावाशी जुळणे ही पहिली अट आहे. आग्रह एवढाच की, ‘सोडा’ हे नाम विशेषणावाचून कधीही लिहू नये. येथे विशेषण हा अलंकार नसून तोच शब्दाचा मुख्य भाग आहे.

वाक्यरचनेकडेही वळणे प्राप्त आहे. मराठीत निषेध वाक्याच्या शेवटी येतो. ‘टाकी आम्लधर्मी झाली असता तीत कॉस्टिक सोडा घालण्यात येऊ नये’ हे वाक्य घ्या. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण ‘नये’ हा प्राण असलेला शब्द सर्वांत शेवटी आहे, आणि त्यापूर्वीचा सारा मजकूर कॉस्टिक सोडा घालण्याच्या आज्ञेसारखा वाचला जातो. धूर उठलेला असताना, घाईने, भिंतीवरील मळक्या कागदाचे शेवटचे शब्द किती जण वाचतील? त्यातच कर्मणी रचना. ‘घालण्यात येऊ नये’, ‘तपासणी करण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ या रूपांतून कर्ता नाहीसा होतो. सरकारी परिपत्रकांतून ही शैली कारखान्यात आली. परिपत्रकात कर्ता लपवण्याचे काही प्रयोजन असू शकते. टाकीपाशी मात्र नेमका कर्ताच हवा असतो. पाळीच्या आरंभी द्रव कोणी तपासावयाचा? पाणी काढण्याचे पात्र कोणी पाहावयाचे? तळाचा ॲल्युमिनियमचा चुरा कोणी आणि किती दिवसांनी काढावयाचा? तापनळ्या उघड्या पडण्याइतकी द्रवाची पातळी उतरली की त्या तप्त पृष्ठावर विघटन झपाट्याने होते. तेव्हा ती पातळी पाहण्याचे काम कोणाच्या नावावर आहे? ‘पाहण्यात यावी’ या क्रियापदाच्या नावावर ते आहे, असेच म्हणावे लागते.

तज्ज्ञ वाचक म्हणतील की, या सर्व खटाटोपाऐवजी इंग्रजी शब्दच ठेवावेत. कामगारास ते ठाऊक असतात. हे अंशतः खरे आहे, आणि पदार्थांच्या नावांपुरते मी ते पूर्ण मान्य करतो. ‘ट्रायक्लोरोएथिलीन’ यास मराठी प्रतिशब्द घडवणे हा निव्वळ उपद्व्याप होईल. माधवराव पटवर्धनांनी 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला तेव्हाचा वाद मुख्यतः परकीय शब्दांच्या अधिकाराचा होता. येथील वाद निराळा आहे. नामे उसनी घेता येतात. क्रियापदे उसनी घेणे अवघड, कारण कारणाची आणि कर्त्याची व्यवस्था क्रियापदात असते. ‘करोजन होते’ असे म्हटल्याने काय होते, कशाचे होते आणि कोणामुळे होते हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे राहतात. ‘होणे’ या क्रियापदाइतके निरुपद्रवी आणि निरुपयोगी क्रियापद मराठीत दुसरे नसेल.

शेवटी एका बदलाची नोंद केली पाहिजे, कारण त्यामुळे हे शब्दक्षेत्र आपल्या डोळ्यांदेखत उलटेपालटे होत आहे. ट्रायक्लोरोएथिलीन मानवात कर्करोगजनक असल्याचा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2012 साली दिला. युरोपीय संघात 2016 च्या एप्रिलपासून विशेष परवानगीवाचून त्याचा वापर करता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2024 च्या डिसेंबरात त्यावर बंदीचा नियम काढला. त्याच्या जागी एके काळी सुचवले गेलेले 1,1,1-ट्रायक्लोरोएथेन ओझोनच्या थराला अपायकारक ठरल्याने माँट्रियल कराराखाली आधीच बाद झाले होते. कारखाने आता अनेक ठिकाणी पाण्यावर आधारित अल्कधर्मी धुलाईकडे वळत आहेत. टाकी तशीच दिसते, काम तेच. परंतु आतील द्रव आता आम्लाकडे झुकणारा नसून अल्कधर्मी आहे. पोलादास तो फारसा खात नाही. ॲल्युमिनियम व जस्त यांना मात्र खातो, आणि त्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे ‘संक्षारण’ या शब्दाचा लोकांनी लावलेला चुकीचा अर्थ या नव्या टाकीपुरता बरोबर ठरणार, आणि ‘कळकणे’ तेथे लागू पडणार नाही. भाग धुऊन ओले राहिल्यास त्यांच्यावर चढणारा थर हा तर शुद्ध जुना ‘गंज’च असेल. जस्ताचा मुलामा दिलेली जुनी टाकी या नव्या द्रवासाठी जशीच्या तशी वापरता येणार नाही. आणि जुन्या टाकीवरचे सूचनापत्र नव्या टाकीवर टांगण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ‘सोडा’, प्रत्येक ‘गंज’ आणि प्रत्येक ‘यावे’ पुन्हा वाचून काढावे लागेल.